काटा एकतीसवर

१ डिसेंबर २०२४, रविवार. धुळे

विधी आज गेली. आसामात एका प्राणी-बचाव केंद्रात आठ आठवडे काम शिकायला. तिच्या पुण्याच्या खोलीतलं सामान आमच्याकडे आलं: दोन बॅगा, एक गादी, आणि चार फुटी काचेच्या पेटीत एक अजगर.

अजगर विदेशी जातीचा आहे, बिनविषारी आहे, मनगटाएवढा जाड आहे आणि त्याची रीतसर सरकारी नोंदणी विधीच्या नावावर आहे. हे वाक्य मी आज सतरा जणांना ऐकवलं. त्याचं नाव तिने बटाटा ठेवलंय. वेटोळं घालून बसला की तसा दिसतो म्हणे. आमच्या घरात तीन पिढ्यांत कधी कांदा-बटाटा आला नाही, आणि पोरीने आणला तो जिवंत. बाई, म्हणजे माझी आई पानबाई, वय चौऱ्याऐंशी, ते नाव तोंडाने घेत नाहीत. 'तो जीव' म्हणतात.

खाण्याची व्यवस्था विधीने परस्पर लावली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला कौतिक दर आठ-दहा दिवसांनी डब्यात उंदीर घेऊन येणार, बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवरच्या खोलीत जाणार, आणि तसाच परत जाणार. उंदीर आधीच मेलेला असतो, बर्फातला. तरी ते आमच्या छपराखाली होणार हे काही मला पचलेलं नाही. तेवढा वेळ मी आमच्या जैन स्थानकात सामायिक, म्हणजे ध्यान, करत बसायचं ठरवलंय. पुण्यात त्याने परवाच, एकोणतीसला, खाल्लंय.

मी हो का म्हटलं हेही लिहून ठेवतो. विधीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. मी नाही म्हटलं, हट्टाने कॉमर्सला घातलं. शिकली, नोकरीला लागली, पण गेली दोन वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलते. आज गाडीत बसताना म्हणाली, "पप्पा, तुमच्यावर सोडून जातेय. याला काही झालं तर मला परत काही सांगू नका." मी म्हटलं, तुझा बाप पस्तीस वर्षं कापडाचं दुकान चालवतोय, एक साप सांभाळता येणार नाही का.

तिने एक कागद दिलाय. गरम बाजू एकतीस ते बत्तीस, थंड बाजू पंचवीस ते सव्वीस. मागच्या पानावर आजारांची यादी आहे. चांगल्या कामाच्या सुरुवातीला असलं वाचू नये म्हणून पान उलटलं नाही.

२ डिसेंबर, सोमवार

दुकानात बसवेना. कारण सांगतो. विधीने पेटीखाली एक काळी पातळ पट्टी लावून दिलीय, ती गरम होते. तिची वायर शेवईएवढी. तिला जोडलेला डबा प्लास्टिकचा, त्यावर आकडे चमकतात. आणि त्या खोलीच्या बरोबर खाली माझं गोदाम. शाली, ब्लँकेटं, लग्नसराईच्या साड्या. ठिणगी पडली तर आग्रा रोडवर उजेड पडेल.

सोनगीरच्या अभिमनला बोलावलं. धुळ्यातल्या फळवाल्यांच्या केळी पिकवायच्या चेंबरची सगळी कामं हाच करतो. तापमानाचं याला सांगायला नको. त्याने विधीची पट्टी दोन बोटांत उचलली आणि म्हणाला, "शेठ, हाई तं खेळनं शे." अगदी माझ्या मनातलं बोलला.

४ डिसेंबर, बुधवार

काम झालं. असं काम आजकाल कोणी करत नाही. पेटीच्या आत एका टोकाला चिनी मातीचा हीटर, त्याभोवती जाळीचा पिंजरा, म्हणजे जनावर चिकटून भाजणार नाही. जाड वायर, अर्थिंग, वेगळं एमसीबी. आणि भिंतीवर लोखंडी पेटीत केळीच्या चेंबरमधला कंट्रोलर, वर आकड्यांची मोठी चकती आणि काटा. तारेच्या टोकाचं बोंड पेटीच्या आत, ते म्हणे हवा ओळखतं.

"दहा वरीस चेंबरमा चालना," अभिमन म्हणाला. "तुम्ही बिनघोर ऱ्हा."

त्याने करूनही दाखवलं. काटा दहावर नेला, लाल दिवा पेटला, हीटर तापायला लागला. काटा एकतीसवर आणला, दिवा विझला. म्हणजे यंत्राला कधी थांबायचं ते कळतं. विधीची पट्टी आणि तो प्लास्टिकचा डबा काढून कपाटात ठेवला.

सौ. सुनंदा वर आली, काचेला हात लावून म्हणाली, "अहो, पेटी गार आहे." मी म्हटलं, हाताने तापमान मोजायचं असतं तर यंत्र कशाला बसवलं असतं?

६ डिसेंबर, शुक्रवार

काटा एकतीसवर. विधीला मेसेज केला: "३१." ती जिथे आहे तिथे नेटवर्कची बोंब आहे. फोन लागत नाही, फोटो जात नाही, दोन अक्षरं कशीबशी पोचतात. संध्याकाळी तिचं उत्तर आलं: "छान." दोन वर्षांत तिने मला छान म्हटल्याचं आठवत नाही.

७, ८, ९ डिसेंबर

काटा एकतीसवर. जराही हलत नाही. रोज सकाळी स्वतः वर जाऊन बघतो. लाल दिवाही लागत नाही, म्हणजे वीजही खात नाही. अभिमनला दुकानातून एक स्वेटर देऊन टाकला.

१० डिसेंबर, मंगळवार

कौतिक आला. मी स्थानकात होतो. परतलो तर तो खाली पायरीवर डबा घेऊन बसलेला. "नही खात, शेठ. तोंड फिराई लेस."

मला जे वाटलं ते खरं लिहितो. मला आनंद झाला.

१५ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. पेपरात धुळे सहा अंश. मी दोन बंड्या आणि कानटोपी घालून गल्ल्यावर बसतो. ब्लँकेटं चांगली खपतायत. बटाटा चार दिवसांत जागेवरून हललेला नाही. घट्ट वेटोळं, डोकं आत. इतका शिस्तीचा प्राणी मी पाहिला नाही.

विधीचा मेसेज: "खाल्लं का?"

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. नाही म्हटलं तर ती विचारणार, का नाही, तुम्ही काय केलंत. आणि मी तर सगळं नीट केलंय. मग कशाला तिच्या जिवाला घोर? लिहिलं, "हो." तिने एक हसरा चेहरा पाठवला. मला जेवण गेलं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

कौतिक दुसऱ्यांदा परत गेला. या वेळी बाईंनी त्याला अंगणात अडवून सगळं विचारून घेतलं. किती दिवस झाले? कधीपासून तोंडाला लावलं नाही? नाकाशी धरलं तरी? कौतिक म्हणाला, नाकाशी धरलं तरी.

बाई काठी टेकत गच्चीवर आल्या. गेल्या तीन वर्षांत त्या दुसऱ्या मजल्याच्या वर आलेल्या नाहीत. पेटीसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. मला मारवाडीत म्हणाल्या, ते मी मराठीत लिहितो: "अभय, याने सोडलंय. आपल्या घरी आला, आणि याने खाणं सोडलंय. एकोणिसावा उपवास आहे याचा."

मला आधी हसू आलं. मग बोटांवर मोजलं तर दिवस खरेच एकोणीस. मग हसू गेलं. बर्फातला का होईना, पण मांस समोर आणि तोंड फिरवतो. आमच्या समाजात उन्हाळ्यात एक उपवास करून जे तीन दिवस झोपून राहतात ते मला माहीत आहेत.

सुनंदा म्हणाली, "त्याला थंडी वाजत असेल." मी तिला खेचत कंट्रोलरपाशी नेलं आणि काटा दाखवला. एकतीस. ती म्हणाली, काटा तुम्हीच तिथे ठेवलाय. मी म्हटलं, मग कोणी ठेवायचा?

२१ डिसेंबर, शनिवार

बाईंनी कोणाला सांगितलं नाही. फक्त स्थानकात सांगितलं. आज छप्पन्न माणसं येऊन गेली. बायका रांगेने जिना चढल्या, तपाची अनुमोदना करून उतरल्या. दोघींनी त्याचं बघून चहा सोडला. एका गृहस्थाने मला बाजूला घेऊन विचारलं, चातुर्मास संपून महिना झाला, हा आत्ता कसा बसला? मी म्हटलं, परदेशी आहे, त्याला पंचांग माहीत नाही.

दुकानात गर्दी दुप्पट.

२४ डिसेंबर, मंगळवार

युवक मंडळाचा सेक्रेटरी तरुण आला होता. त्याचं नावच तरुण आहे, वय सत्तेचाळीस. रविवारी एकोणतीसला तीस दिवस पूर्ण होतात, म्हणजे मासक्षमण. मोठा कार्यक्रम करायचा म्हणतो. फ्लेक्स, व्हिडिओ, सत्कार. फ्लेक्सवर नाव काय छापायचं यावर तासभर गेला. बटाटा छापणं शक्यच नव्हतं. शेवटी 'तपस्वी अजगरजी' ठरलं. सोमवारच्या पारण्याला मुगाचं पाणी चांदीच्या चमच्याने द्यायचं. कोण देणार विचारल्यावर तरुणने बाईंचं नाव सुचवलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकला.

आज एक नवल. बटाट्याच्या श्वासात बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. तोंड किंचित उघडं ठेवतो, नाकपुडीशी एखादा बुडबुडा दिसतो. बाई कान लावून म्हणाल्या, जप चाललाय. बातमी संध्याकाळपर्यंत देवपुरात पोचली.

विधीला: "३१." विधी: "खातोय ना नीट?" मी: "हो." हे दुसरं खोटं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काटा एकतीसवर.

मनाला बरं वाटत नाही. कशामुळे ते कळत नाही. आज कोणी नसताना वर जाऊन बसलो होतो. त्याने डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबा रे, तुला काही हवंय का? त्याची शिट्टी तेवढी वाजत राहिली. विधी लहानपणी दम्याने अशीच वाजायची. तिला मी रात्ररात्र छातीशी धरून बसायचो. हे आता का लिहिलं, माहीत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

लिहायला नको वाटतंय. तरी क्रमाने लिहितो.

कार्यक्रम अकराचा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत साठ माणसं, बाहेर गच्चीवर शंभर. तरुणने व्हिडिओवाला आणलेला. त्याचा हजार वॅटचा दिवा बरोबर पेटीवर रोखलेला. खिडक्या बंद, कारण आवाज घुमू नये. लोकांनी स्वेटर काढले, मफलरी काढल्या.

भाषणं झाली. मग सत्कार. तपस्वीच्या निवाऱ्याची व्यवस्था करणारे म्हणून अभिमनला पुढे बोलावलं. तो नवा शर्ट घालून, बायकोला घेऊन आला होता. तरुणने त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला.

तेवढ्यात कंट्रोलरचा लाल दिवा लागला. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा. मी अभिमानाने मोठ्यांदा म्हणालो, "बघा, यंत्र जागं झालं!" लोकांनी जयजयकार केला.

पाच-सात मिनिटांत बटाटा हलला. वेटोळं सुटलं. तो उठून पेटीच्या लांबच्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि झाकणाला नाक लावून ढकलायला लागला. बायका रडायला लागल्या. कोणी म्हणालं दर्शन देतोय. कोणी म्हणालं आशीर्वाद. व्हिडिओवाल्याने दिवा आणखी जवळ आणला. बटाटा आता काचेवर आपटत होता. मला हे दर्शन वाटेना, पण साठ माणसांत काय बोलणार?

सुनंदा गर्दीतून घुसली आणि काचेला हात लावून ओरडली, "भाजतंय!"

मी कंट्रोलर पाहिला. काटा एकतीसवर. दिवा लाल. विझायला हवा होता. मी अभिमनकडे पाहिलं. तो खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन दिव्याकडे बघत उभा होता. ओठ हलत होते, जसा मनात हिशोब करतोय. मग त्याचा चेहरा उतरला.

"शेठ," तो म्हणाला, "हाऊ तं थंडा करानाच कंट्रोलर शे."

मी म्हटलं, म्हणजे?

"केळी गरम व्हयनी का मशीन चालू व्हस, थंडी व्हयनी का बंद. मी त्याले हीटर जोडी दिधा." त्याने लाल दिव्याकडे बोट केलं. "जठे थंडी, तठे बंद. जठे गरम, तठे चालू. मन्हाकडतीन चूक व्हयनी, शेठ."

नारळ टाकून त्याने एमसीबी पाडलं. मी झाकण काढलं आणि बटाट्याला दोन्ही हातांनी उचललं. आयुष्यात पहिल्यांदा. तो माझ्या मनगटाला असा आवळून बसला की बोटं पांढरी पडली. शिट्टी माझ्या कानाशी वाजत होती.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. अभिमनने सांगितलेलं त्यांना पूर्ण कळलं होतं, कारण अहिराणी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "म्हणजे याला थंडी वाजत होती? महिनाभर? आणि आपण याच्या पाया पडत होतो?"

लोक हळूहळू जिना उतरले. तरुणने फ्लेक्स स्वतःच गुंडाळून नेला.

विधीच्या कागदाचं मागचं पान आज वाचलं. "श्वासात शिट्टी, तोंड उघडं, नाकाशी बुडबुडे: निमोनिया. वाट पाहू नका."

३० डिसेंबर, सोमवार

सापांचं बघणारे डॉक्टर जळगावला आहेत. कापडी पिशवीत बटाटा, पिशवी माझ्या मांडीवर, गाडी अभिमनने चालवली. तो काल घरी गेलाच नाही, त्याच्या बायकोला एकटीलाच एसटीने पाठवलं. विधीचा आकडे दाखवणारा डबा कपाटातून काढून बरोबर घेतला होता, अभिमनने तो गाडीच्या बॅटरीवर चालू केला होता, त्याचं बोंड पिशवीत. गाडीचा हीटर पूर्ण सोडलेला. पारोळ्यापर्यंत अभिमनचा शर्ट घामाने भिजला, एरंडोलला मला चक्कर आली. "किती व्हयनं?" तो दर दोन मिनिटांनी विचारायचा. मी आकडा वाचायचो. सव्वीस. अठ्ठावीस. एकोणतीस. खरे आकडे.

डॉक्टर तरुण बाई आहेत. विधीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बटाट्याचं तोंड उघडून पाहिलं, छातीला यंत्र लावलं. निमोनिया. वेळेत आणलं म्हणाल्या, पण अगदी काठावर. मी विचारलं, खात का नव्हता? म्हणाल्या, "काका, यांना अंगची ऊब नसते. बाहेरून मिळाली तरच पोटातलं पचतं. गार पडला की खाणं बंद करतो, नाहीतर पोटात सडेल. हट्ट नाही तो."

एक दिवसाआड सुई, सात वेळा. मला टोचायला शिकवलं. विधीला मी जे शिकू दिलं नाही ते मला साठाव्या वर्षी दहा मिनिटांत शिकवलं गेलं. डॉक्टरबाईंच्या समोर डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं सापाची दया.

१ जानेवारी २०२५, बुधवार

अभिमनने सगळं नव्याने केलं. विधीची पट्टी परत बसवली, तिच्याच प्लास्टिकच्या डब्यासकट. पट्टीखाली फरशी, वायर भिंतीला क्लिपने, एमसीबी तसंच ठेवलं. दोन्ही टोकांना एक एक थर्मामीटर चिकटवला. मग तो गार चहा समोर ठेवून दोन तास पेटीसमोर बसला. तापलं की बंद होतंय का, गार झालं की चालू होतंय का, चार वेळा पाहिलं. मी काचेला हात लावून पाहिलं, पाच वेळा.

तो मी दिलेला स्वेटर मला परत द्यायला लागला. मी म्हटलं, अभिमन, तू चुकलास एकदा. मी पंचवीस दिवस रोज सकाळी जिना चढून चुकलो. स्वेटर राहू दे.

६ जानेवारी, सोमवार

काल चौथी सुई झाली. शिट्टी कमी. संध्याकाळी सुटं वेटोळं घालून गरम बाजूला पसरला होता. बटाटा आल्यापासून हे मी पहिल्यांदा पाहिलं.

विधीला रोज आकडा जातो. आता तो खरा असतो. पण आजाराचं सांगितलेलं नाही. दोन अक्षरांत कसं सांगणार, हे आपलं माझं निमित्त.

९ जानेवारी, गुरुवार

महासतीजी, आमच्या साध्वी, पायी विहारात आहेत, दोन दिवस धुळ्यात थांबल्यात. बाई मला घेऊन गेल्या आणि सगळं सांगितलं, स्वतःचं काहीही न लपवता. मासक्षमण, फ्लेक्स, जप, सगळं. मग विचारलं, त्याचा तप मोडला का?

महासतीजींनी विचारलं, "त्याने पच्चक्खाण घेतले होते? कोणी दिले होते?" बाई म्हणाल्या, नाही, उपवासाचा नेम त्याला कोणीच दिला नव्हता. "मग तो तप नव्हता. मिळत असून सोडतात तो तप. ज्याला घेताच येत नाही, त्याला उपास घडला नाही, त्रास घडला."

बाईंनी मान हलवली. मी हळूच म्हटलं, आता तो बरा झालाय, भूक लागलीय त्याला, आणि कौतिक... महासतीजींनी हात वर केला. "त्यातलं मला विचारू नका. मी हो म्हणणार नाही. तुमच्या घरातला जीव आहे, तुमचं तुम्ही बघा."

घराशी रिक्षातून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "कौतिकला उद्या बोलाव. मी उद्या उपवास करणार आहे, त्याला उपाशी ठेवल्याचा. आणि तू स्थानकात जायचं नाही. उपाशी असताना रोज बघत होतास ना? खातानाही बघ."

१० जानेवारी, शुक्रवार

पाहिलं. कौतिक म्हणाला, "आते खाई." आणि त्याने खाल्लं. मी दाराशी उभा होतो, नवकार मंत्र म्हणत. कोणासाठी म्हणत होतो, उंदरासाठी की बटाट्यासाठी, ते मला सांगता येणार नाही. दोघांसाठी म्हणालो असेन. खाली बाईंनी कौतिकला तिळगुळाची वाटी दिली आणि स्वतः पाणीसुद्धा घेतलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी चारला विधीचा फोन आला. त्यांना गाडीने गावात आणलंय, आज नेटवर्क मिळालं. आधी माझा आवाज ऐकून हसली, म्हणाली, "पप्पा, कसा आहे तो?"

मी सगळं सांगितलं. पट्टी काढली ते, कंट्रोलर, काटा, खोटं लिहिलेला पहिला हो, खोटं लिहिलेला दुसरा हो, फ्लेक्स, निमोनिया, सुया. थांबलो तर परत सांगता येणार नाही म्हणून थांबलोच नाही.

"पप्पा, तो मेला असता."

"हो."

"आणि तुम्ही मला रोज एकतीस लिहीत होता."

"हो."

"मी तुमच्यावर सोडून गेले होते."

माझी चूक झाली, विधी, मी म्हटलं. याची पण आणि कॉमर्सची पण, असं म्हणालो. कॉमर्सचं मी ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

ती म्हणाली, "आत्ता किती आहे?"

"एकतीस," मी गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणालो.

"बघून सांगा."

मी दुकान सुनंदावर टाकून दोन मजले चढलो, फोन कानाला. धाप लागली. तिने फोन ठेवला नाही. वाकून दोन्ही थर्मामीटर वाचले. "गरम बाजू साडेएकतीस. थंड बाजू तेवीस."

"थंड बाजू कमी आहे. खिडकीकडची काच का? त्या बाजूने बाहेरून काहीतरी जाड लावा. वायरीपासून लांब."

खालून नवं ब्लँकेट मागवलं. घडी फोडली, तिने सांगितलं तसं काचेला बाहेरून लावलं, कडा दोरीने बांधल्या. ती म्हणाली, लगेच आकडा सांगू नका, पंचवीस होऊ द्या, मग सांगा, मी थांबते.

पंचवीस व्हायला पन्नास मिनिटं लागली. मी पेटीसमोर चटई टाकून बसलो होतो आणि ती आसामात कुठल्या तरी चहाच्या टपरीवर. तेवढा वेळ आम्ही बोलत होतो.